आरोप तरी सांगा!

"काहीतरी असल्याशिवाय का कुणाला पकडतात?"

हे वाक्य आपल्याकडे चहाच्या हॉटेलापासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. गेल्या वर्षी मूलभूत हक्कांचे प्रकरण शिकवीत असता मी ग्वांटानामोचा विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरून नेमके हेच वाक्य आले. बोलणारा विद्यार्थी उनाड नव्हे. चांगला वाचणारा आहे. त्याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. आपल्या बेळगावात अशी घरे गल्लोगल्ली आहेत, आणि सैनिकाने धरलेला माणूस निरपराध असू शकतो ही कल्पना त्या घरांना सहजासहजी पटू नये यात नवल नाही. तासाची घंटा झाली आणि माझे उत्तर अर्धवटच राहिले. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही जागा कोणती ते सांगतो. क्यूबाच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्वांटानामो नावाचा उपसागर आहे. १९०३ साली अमेरिकेने तेथील भूमी नाविक तळासाठी भाड्याने घेतली. वर्षाचे भाडे ४,०८५ डॉलर. अमेरिका दरवर्षी धनादेश पाठवते आणि कॅस्ट्रो यांच्या काळापासून क्यूबाचे सरकार तो वटवीत नाही, कारण हा करारच त्यांना मान्य नाही. म्हणजे भूमी क्यूबाची, ताबा अमेरिकेचा. या त्रिशंकू अवस्थेचा उपयोग २००२ साली एका चतुर डोक्याला सुचला. ही अमेरिकेची भूमी नव्हे, सबब येथे ठेवलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा युक्तिवाद सरकारने केला. ११ जानेवारी २००२ रोजी पहिले वीस कैदी विमानाने तेथे उतरले. पुढे एकूण सुमारे ७८० माणसे त्या तळावर कोंडली गेली. त्यांतील बहुतेकांवर कधी आरोपपत्रच ठेवले गेले नाही.

त्यांना 'कैदी' म्हणायचे नाही, 'डिटेनी' म्हणायचे, असा तेथील शिरस्ता. आपण मराठीत याला 'स्थानबद्ध' म्हणतो. काय सौम्य शब्द आहे पाहा! जणू एखाद्याला पाटावर बसवून, जरा थांबा, असे सांगितले आहे.

येथे एक शंका कोणी काढील, आणि ती रास्त आहे. युद्धात पकडलेल्या शत्रुसैनिकावर तरी कोठे खटला चालतो? चालत नाही, हे खरे. १९७१ च्या युद्धानंतर आपल्या देशात सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धबंदी होते. त्यांना खटल्याविनाच ठेवले होते आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु १९४९ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे युद्धबंदीला नाव असते, दर्जा असतो, घरी पत्र धाडण्याचा हक्क असतो, आणि मुख्य म्हणजे युद्ध संपले की त्याची कैद संपते. हे सारे बंदी १९७४ पर्यंत आपापल्या घरी परतले. शत्रूकडून लढणे हा गुन्हा नव्हे, म्हणून त्यांच्यावर कलंकही नव्हता. ग्वांटानामोत नेमके हेच नाकारण्यात आले. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला की यांना युद्धबंदीचा दर्जा मिळणार नाही. गुन्हेगार म्हणावे तर खटला नाही, युद्धबंदी म्हणावे तर दर्जा नाही. आणि हे युद्ध तर दहशतवाद नावाच्या भाववाचक नामाशी! ते केव्हा संपणार हे कोणी ठरवायचे?

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. या माणसांना पकडले कोणी? आपला समज असा की अमेरिकन सैनिकांनी रणांगणावर, हातात बंदूक असताना धरले. सरकारच्याच कागदपत्रांचा अभ्यास करून सीटन हॉल विधी महाविद्यालयाने २००६ साली अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अमेरिकन फौजेने स्वतः पकडलेले केवळ पाच टक्के निघाले. बाकीचे बहुतेक पाकिस्तानने किंवा अफगाणिस्तानातील नॉर्दर्न अलायन्सने आणून दिलेले. अमेरिकेने विमानांतून पत्रके टाकून इनामे जाहीर केली होती. जनरल मुशर्रफ यांनी आपल्या आत्मचरित्रात, ३६९ माणसे अमेरिकेच्या हवाली केली आणि त्यापोटी कोट्यवधी डॉलर मिळाले, असे अभिमानाने लिहून ठेवले आहे. माणशी भाव ठरला की बाजारात माल येणारच. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण हसत हसत वापरतो. येथे तर संन्याशाला आणून देणाऱ्याला रोख रक्कम होती.

मुरात कुर्नाझचे उदाहरण घ्या. ब्रेमेन शहरात जन्मलेला हा तुर्की तरुण, वय अवघे एकोणीस. २००१ च्या अखेरीस पाकिस्तानात पोलिसांनी त्याला बसमधून उतरवून घेतले आणि तो ग्वांटानामोत पोहोचला. त्याच्यावरील एक मुख्य ठपका असा की त्याचा एक मित्र आत्मघातकी हल्ल्यात मेला. तो मित्र त्या वेळी जर्मनीत जिवंत होता, हिंडतफिरत होता! जर्मन पोलिसांना विचारले असते तर एका दिवसात उलगडा झाला असता. कुर्नाझ सुटला २००६ च्या ऑगस्टमध्ये.

पण माझ्या मनात घर करून बसलेला प्रसंग निराळाच आहे. साराजेव्हो शहरातून सहा अल्जीरियन गृहस्थांना ऑक्टोबर २००१ मध्ये अटक झाली. अमेरिकन वकिलात उडविण्याचा कट केला, असा संशय. बॉस्नियाच्या पोलिसांनी तपास केला, तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुरावा नाही म्हणून जानेवारी २००२ मध्ये सुटकेचा हुकूम दिला, आणि तुरुंगाच्या दारातून बाहेर पडताच त्यांना अमेरिकेच्या हवाली करण्यात आले. त्यांपैकी मुस्तफा ऐत इदिर हा कराटे शिकवणारा गृहस्थ. २००४ साली त्याला लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मंडळापुढे उभे केले. हे न्यायालय नव्हते. वकील देण्याची सोय नव्हती. पुराव्याचा गुप्त भाग कैद्याला दाखवायचा नाही असा नियम. आरोप वाचला गेला: बॉस्नियात असताना तू अल कायदाच्या एका परिचित हस्तकाशी संबंध ठेवलास. त्याने विचारले, त्या माणसाचे नाव काय? अध्यक्ष म्हणाले, आम्हाला ठाऊक नाही. मग मी उत्तर काय देऊ, असे तो म्हणाला. नाव सांगा. कदाचित तो माझ्याबरोबर काम करणारा असेल, कदाचित माझ्या संघातला असेल, कदाचित मी त्याला ओळखतही नसेन. पुढे तो म्हणाला की तुमच्या जागी मी असतो आणि वरिष्ठाने असले आरोप माझ्यापुढे ठेवले असते, तर ते मी त्याच्याच तोंडावर मारले असते. तेव्हा त्या खोलीतील सगळे हसले. सरकारी टिपणातच तसे नमूद आहे. न्या. जॉइस हेन्स ग्रीन यांनी जानेवारी २००५ च्या आपल्या निकालपत्रात हा संवाद उतरवून घेतला आहे आणि ते हसू समजण्यासारखे आहे, असा शेराही मारला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्या हसण्यावर क्षणभर थांबा. हसणारे अधिकारी दुष्ट नव्हते. दुष्ट माणूस अशा वेळी हसत नाही, खेकसतो. प्रश्नाला उत्तर नाही हे त्यांनाही कळले होते. आणि इतके कळूनही त्यांनी त्याला 'शत्रुपक्षाचा लढवय्या' ठरवून कोठडीत परत धाडले. 'काहीतरी असल्याशिवाय' या शब्दांतले ते 'काहीतरी' म्हणजे हेच: निनावी माणसाशी असलेला निनावी संबंध.

त्याच सहाजणांतील लखदर बुमेदियन हा रेड क्रेसेंट संस्थेत नोकरी करीत असे. बाल्कन युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना मदत पोचविणे हे त्याचे काम. त्याच्या स्वतःच्या दोन मुली तेव्हा अगदी लहान होत्या. सात वर्षे त्याला त्या दिसल्या नाहीत, टेलिफोनवर बोलू दिले नाही. त्यांची काही पत्रे 'पोचविता येत नाही' अशा शेऱ्यानिशी परत गेली. जी पोचली त्यांवर परीक्षकाची काळी शाई इतकी फिरलेली की मायेचा मजकूर तेवढा नाहीसा झालेला. सहा-सात वर्षांच्या पोरीने बापाला लिहिलेल्या पत्रात राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका पोचविणारे काय असते, हे मला तरी उमगलेले नाही. त्याने अन्नत्याग केला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याला रोज दोनदा खुर्चीला बांधून नाकातून नळी घालून अन्न देण्यात येत होते.

त्याच्याच नावाने चाललेल्या दाव्यात १२ जून २००८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की ग्वांटानामोतील माणसालाही 'हेबिअस कॉर्पस'चा हक्क आहे. हेबिअस कॉर्पस म्हणजे बंदीला न्यायासनापुढे आणा आणि का धरला ते सांगा, एवढी साधी मागणी. मग नोव्हेंबरमध्ये न्या. रिचर्ड लिऑन यांच्यापुढे पुरावा उघडला गेला. वकिलातीच्या कटाचा आरोप तोवर सरकारने स्वतःच सोडून दिला होता! उरले होते ते एका निनावी खबऱ्याचे म्हणणे. न्यायाधीशांनी सहांपैकी पाचजणांना सोडण्याचा हुकूम दिला. हे न्या. लिऑन बुश यांनीच नेमलेले होते, हे येथे मुद्दाम सांगतो. ऐत इदिर त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्नियाला परतला. बुमेदियन मे २००९ मध्ये फ्रान्सला गेला.

आता एक अवघड उदाहरण घेतो, कारण सोपी उदाहरणे घेऊन वाद जिंकण्यात पुरुषार्थ नाही. मॉरिटानियाचा मोहमेदू ऊल्द स्लाही. शिष्यवृत्तीवर जर्मनीत जाऊन विद्युत अभियांत्रिकी शिकलेला. १९९०-९२ च्या सुमारास तो अफगाणिस्तानात जाऊन तेथील कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या लढ्यात सामील झाला होता व अल कायदाशी निष्ठेची शपथही त्याने घेतली होती. हे त्याने कधी लपविले नाही. त्यानंतर संबंध तोडला, असे त्याचे म्हणणे. याच्यावर संशय यावा हे मला पटते. चौकशी व्हायलाच हवी होती. नोव्हेंबर २००१ मध्ये पोलिसांनी बोलाविले तेव्हा तो आपली मोटार स्वतः चालवीत ठाण्यावर गेला. तेथून जॉर्डनमध्ये आठ महिने, मग बाग्राम, आणि ऑगस्ट २००२ पासून ग्वांटानामो. परतला २०१६ च्या ऑक्टोबरात. चौदा वर्षांहून अधिक काळ, आणि आरोपपत्र एकही नाही.

घरच्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पोरगा गावच्या तुरुंगातच आहे अशा समजुतीने ते न्वाकशोतच्या तुरुंगावर धुतलेले कपडे आणि त्याच्या जेवणासाठी पैसे नेऊन देत राहिले. पहारेकरी ते निमूट ठेवून घेत. जवळजवळ वर्ष असे गेले. शेवटी जर्मनीत राहणाऱ्या भावाने 'डेर श्पीगेल' साप्ताहिकात वाचले, तेव्हा कळले की मोहमेदू समुद्रापलीकडे आहे. कपडे कोणी वापरले असतील? आपल्याकडे हिंडलग्याच्या तुरुंगाबाहेर भेटीच्या दिवशी पिशव्या घेऊन उभी असलेली माणसे मी येताजाता पाहतो. निदान आपला माणूस आत आहे, एवढे तरी त्यांना माहीत असते.

२००३ साली स्लाहीसाठी खास चौकशीची योजना आखली गेली आणि तिला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांची संमती होती. झोपू न देणे, थंडी, मारहाण, बोटीत घालून समुद्रात फिरविण्याचे नाटक. यांपैकी काही चाले ना तेव्हा एक बनावट पत्र तयार केले: तुझ्या आईला पकडून येथे आणण्यात येणार आहे. अमेरिकन सिनेटच्या समितीच्या अहवालात याची नोंद आहे. त्यानंतर त्याने जे म्हणाल ते कबूल केले. टोरांटोचा उंच मनोरा उडविण्याचा कधीच न रचलेला कटसुद्धा. ज्या आईचा धाक घातला, ती २०१३ साली वारली. लेक तुरुंगातच होता.

सैनिकी घरातील माझ्या विद्यार्थ्यांनी पुढील गोष्ट अवश्य ऐकावी. स्लाहीवर खटला भरण्याचे काम लेफ्टनंट कर्नल स्टुअर्ट काउच या मरीन अधिकाऱ्याकडे आले. ११ सप्टेंबर २००१ रोजी दुसऱ्या मनोऱ्यावर आदळविलेल्या विमानाचा सहवैमानिक हा काउच यांचा जुना मित्र होता. सूड घ्यायला याहून योग्य माणूस मिळाला नसता. परंतु कबुलीजबाब कसे काढले हे कागदांवरून ध्यानात येताच २००४ साली त्यांनी हा खटला चालविण्यास नकार दिला. लष्करी शिस्त म्हणजे केवळ 'होय साहेब' नव्हे, हे या अधिकाऱ्याने दाखविले. म्हणून हा लेख लष्कराविरुद्ध आहे असे कोणी समजू नये.

मार्च २०१० मध्ये न्या. जेम्स रॉबर्टसन यांनी स्लाहीच्या सुटकेचा हुकूम दिला. सरकारने अपील केले, वरच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा खाली धाडले, आणि आणखी सहा वर्षे गेली. संशयिताला दोषी ठरविण्याची शक्यता त्या छळानेच नष्ट केली होती, हे येथे लक्षात घ्यावे. खरोखरीचा अपराधी असता तरी तो असाच निसटला असता.

याला पुरावा हवा असेल तर आपल्या मुंबईचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अजमल कसाब जिवंत सापडला. लोक म्हणत होते, याला वकील कशाला? तरीही आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला उभा राहिला, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, मे २०१० मध्ये निकाल लागला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात त्याच्याबरोबर दोन भारतीय आरोपी होते. पुरावा विश्वसनीय नाही म्हणून त्यांना निर्दोष सोडण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. एकाच न्यायासनाने एकाला फास दिला आणि दोघांना दार उघडून दिले. खटलाच नसता तर तिघेही एका रांगेत बसले असते. उलट अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या कटाचे जे प्रमुख आरोपी म्हणून ग्वांटानामोत ठेवले गेले, त्यांच्यावरील मूळ खटला वीस वर्षे उलटून गेली तरी सुरू झाला नव्हता. छळातून मिळालेल्या जबाबांचे काय करायचे यावरच वर्षानुवर्षे वाद चालला.

अर्थात आपण फार ताठ मानेने बोलावे अशी स्थिती नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता ही आपल्या घटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. आणीबाणीत एक लाखाहून अधिक माणसे आत होती; मधु दंडवते आपल्या राज्याच्या राजधानीत, बेंगळूरच्या तुरुंगात होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही. तो एक म्हणजे न्या. हंसराज खन्ना, त्यांचे सरन्यायाधीशपद त्यापायी गेले. चौघांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ साली तो निकाल चुकीचा होता असे लिहिणाऱ्या पीठावर त्यांचेच चिरंजीव होते. दुरुस्तीला एकेचाळीस वर्षे लागली.

सुटल्यावर काय? हा प्रश्न वर्तमानपत्रांना पडत नाही, कारण सुटका ही बातमी असते, पुढचे आयुष्य ही बातमी नसते. स्लाहीला मायदेशी गेल्यावरही काही वर्षे पारपत्र मिळाले नाही. अमेरिकेने ग्वांटानामोतून सोडलेल्यांना नुकसानभरपाई दिलेली नाही. कोणी 'तुम्ही निर्दोष आहात' असा कागदही दिला नाही, कारण दोषी म्हटलेच नव्हते! शेजारपाजारच्यांच्या मनात मग तेच वाक्य: काहीतरी असल्याशिवाय का... दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना लष्करी आदेशाने छावण्यांत कोंडले होते. त्याबद्दल १९८८ साली माफी व हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा झाला, पण तोवर कितीतरी म्हातारे निघून गेले होते. त्या आदेशाला तेव्हा आव्हान देणारे फ्रेड कोरेमात्सु यांनी वयाच्या ऐंशीनंतर ग्वांटानामोतील बंदींच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिले. त्यांना तुलना समजावून सांगावी लागली नसावी.

ग्वांटानामो बंद करण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २००९ साली, कारभार हाती घेताच काढला होता. जानेवारी २०२५ मध्ये तेथे पंधराजण उरले होते. त्यांतील तिघांना सोडण्यास हरकत नाही असे सरकारनेच ठरविलेले होते, आणि तरी ते तेथेच होते. नऊजण कोठडीतच वारले, त्यांचा हिशेब निराळा.

स्लाहीने २००५ साली कोठडीत आपली हकीकत इंग्रजीतून हाताने लिहिली, ४६६ पाने. ही भाषा त्याने पुष्कळशी पहारेकऱ्यांशी बोलून उचललेली. सरकारी परीक्षणानंतर २०१५ साली ती पुस्तकरूपाने निघाली तेव्हा तिच्यात अडीच हजारांहून अधिक काळ्या पट्ट्या होत्या. एका ठिकाणी तो गहिवरल्याचे सांगत असता शब्दावर पट्टी आहे. तेथे 'अश्रू' हा शब्द असावा, असे संपादकाने तळटीपेत म्हटले आहे. पुढे २०१७ साली पट्ट्यांविना आवृत्ती आली. आमच्या ग्रंथालयाच्या मागणीवहीत मी या पुस्तकाची नोंद केली आहे आणि कन्नड विभागाच्या सहकाऱ्यांनीही खाली सही केली आहे. ग्रंथपालांना विनंती एवढीच की काळ्या पट्ट्यांची पहिली आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. दुसरी वाचायला सोपी आहे, पण मुलांनी पहिली पाहावी असे मला वाटते.